नको म्हणायची जागा

कोरेगाव
१६ जानेवारी १९७८

बनू,

मायना कसा लिहावा, इथंच अडलोय. ‘चिरंजीव’ लिहिलं की मागून आशीर्वाद आलाच, आणि आशीर्वाद आला की तो घ्यावा लागतो. तुला काही घ्यावं लागू नये म्हणून नुसतं नाव लिहिलं. एवढं एक नाव लिहायला मला तीन वर्षं लागली, हे तुझ्या आईला सांगू नकोस. ती हसेल.

तू सांगलीला सरकारी दवाखान्यात नर्स आहेस, हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे. आईवर रागवू नकोस, तिनं चकार शब्द काढलेला नाही. पण ती ‘कराडला भावाकडं जाऊन येते’ म्हणते, तेव्हा तिचा श्वास वर चढतो आणि पदर दोनदा सारखा होतो. चाळीस वर्षं बायकांचे हात हातात घेऊन बसलेल्या कासाराला एवढं कळणार नाही होय? शिवाय परत येताना तिच्या पिशवीत सांगलीचा भडंग असतो. मी भडंग खातो आणि गप्प बसतो. नवरा-बायकोचं असं बरं चाललंय.

परवा संक्रांत झाली. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तुझी मैत्रीण रंगू तिच्या पोरीला घेऊन आली होती. पाच वर्षांची पोर, पहिल्यांदाच काचेची काकणं भरायची, दोन्ही हात पाठीमागं घेऊन उभी. मी बैठकीवरून खाली उतरलो आणि तिच्या डोळ्याला डोळा येईल असा जमिनीवर बसलो. ती धापा टाकत होती, तर मीही जरा धापा टाकल्या. मग माझा श्वास सावकाश केला, तशी तीही सावकाश झाली. म्हणाली, ‘काकण चावतंय.’ मी म्हणालो, चावतं खरं, म्हणून तर त्याला हळू न्यायचं. आणि मग विचारलं, हिरव्या की लाल? ‘लाल’ म्हणाली आणि हात पुढं आला. हिरव्या की लाल विचारलं की भरायच्या की नाही, हा प्रश्नच उरत नाही. माझ्या बापानं मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. रंगू म्हणाली, आबा, तुमच्या हातात जादू आहे. मला तू आठवलीस. तू त्याच बैठकीच्या कोपऱ्यात बसून पाटीवर गणितं करायचीस आणि मधूनच मान वर करून माझं बोलणं ऐकायचीस. तिथं आता कुणी बसत नाही. बसायला लागलं तर मी उठवतो.

आता तुझ्या-माझ्यातलं. आपलं भांडण झालं, असं मी मानत नाही. लग्नाला तू स्वतःच्या तोंडानं हो म्हणालीस, घरातल्या सगळ्यांनी ऐकलं. नर्सिंगच्या शाळेचं बोलावणं आलेलं, ते तूच आपल्या हातानं फळीवर ठेवून दिलंस. मी काही तुला दोरीनं बांधून कवठे महांकाळला पाठवलं नाही. जोतिबा वाईट माणूस होता, असंही नाही. आईच्या शब्दाबाहेर न जाणारा नवरा ही काही मोठी नवलाई नव्हे. दीड वर्ष नांदलीस, एके दिवशी एस.टी.त बसून निघून गेलीस, आणि बापाला दोन ओळी नाहीत. असो. भांडायला पत्र लिहीत नाही.

सोबत जोडकार्डाचा अर्धा भाग आहे, जबाब पाठवायचा. तुला दवाखान्याच्या गडबडीत वेळ होणार नाही म्हणून पत्ता आणि मजकूर मीच लिहून ठेवलाय. ‘आबा, मी ....... तारखेला येते.’ तू फक्त तारीख घाल. होळीच्या आधीची घाल नाहीतर पाडव्याच्या आधीची, तुझ्या सोयीनं.

तुझा,
आबा


कोरेगाव
३० मार्च १९७८

बनू,

तुझी आई होळी करून ‘कराड’ला गेली आणि परवा आली. या खेपेला भडंग नव्हता. माझंच जोडकार्ड होतं. जेवायला बसलो तर तिनं ते भाकरीशेजारी ठेवलं. तारखेची जागा मी सोडली होती तशीच कोरी. मी म्हणालो, पोर तारीख घालायला विसरली वाटतं.

तुला ठाऊकच आहे, तुझी आई कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही. माझ्यासमोर खाली बसली आणि म्हणाली, “आवं, पोरीला नको म्हणायला जागा तरी ठेवलीया का तुमी ह्येच्यावर?”

मी ताटावरून उठलो. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. बोललो नाही म्हणजे, तिनंही बोलायचा प्रयत्न केला नाही, त्यामुळं माझा अबोला वायाच गेला.

मला राग आलाय, तो आधी लिहून टाकतो. मी तुला माझ्या धंद्यात वाढवलंय. हा धंदा काय आहे, ते तुला ठाऊक आहे. बाप मला गावोगावच्या जत्रांना घेऊन जायचा, पण वर्षभर त्यानं मला काकणांच्या पेटीला हात लावू दिला नाही. म्हणायचा, आधी बायकांचे खांदे बघ. हात नंतर घट्ट होतो, खांदा आधी होतो. बाई ज्या शब्दात बोलेल, त्याच शब्दात तिच्याशी बोलायचं. ती ‘रुततंय’ म्हणाली तर आपण ‘दुखतंय’ म्हणायचं नाही, तिला वाटतं आपण ऐकलंच नाही. ‘दुखणार नाही’ असं तर कधीच म्हणायचं नाही. भ्यालेल्या माणसाला त्यातलं ‘दुखणार’ तेवढंच ऐकू येतं. आणि काकण सरकवायचं ते श्वास बाहेर पडताना, आत जाताना नाही. एवढं सांभाळलं तर अडीचच्या मापाच्या हातात सव्वादोनचं काकण जातं आणि बाई हसत उठते. मी ते हजार वेळा केलंय. ही कला वाईट असती, तर बायका काकणं भरून झाल्यावर मला वाकून नमस्कार करून गेल्या असत्या का?

तूच सांग. नाही, सांगू नकोस. हे असं ‘तूच सांग’ म्हणणंसुद्धा माझ्या सवयीतलं आहे, आत्ता लिहिताना लक्षात आलं.

बापानं आणखी एक गोष्ट शिकवली होती. ती आज लिहीत नाही.

पत्रातून काही जमत नाही, बनू. समोर असतीस तर तुझा खांदा बघितला असता. इथं कागद बघतोय, आणि कागद श्वास घेत नाही. तू हे वाचतेस तरी का, एवढंही मला कळत नाही. इतक्या जवळची सांगली इतकी लांब असेल, असं वाटलं नव्हतं. पॅसेंजर गाडी दिसली की मी दुकानाच्या पायरीवर येतो. त्यात तू नसतेस, हे मला ठाऊक असतं. तरी येतो.

आबा


कोरेगाव
१३ मे १९७८

बनू,

आज तुझ्या लग्नाला पाच वर्षं झाली. ज्या लग्नाचं काही उरलं नाही त्याचा दिवस कोण मोजतं, म्हणशील. मी मोजतो.

राहिलेली गोष्ट आज लिहितो. सकाळपासून तीन कागद फाडले. हा चौथा.

बाप म्हणायचा, बाई हसली की त्याच घटकेला तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथं नाडी उडते तिथं, अंगठ्यानं हलकं दाबायचं. पुन्हा हसली, पुन्हा तिथंच. पुढच्या खेपेला ती रागात येवो, रडत येवो, आधी ती जागा दाबायची. हात आपोआप सैल पडतो. का पडतो ते तिला कळत नाही. बाप त्याला आनंदाची जागा म्हणायचा.

तुला ती जागा मी धंदा म्हणून केली नव्हती. एवढं माझं खरं मान. तू चार-पाच वर्षांची असताना बैठकीवर माझ्या मांडीत बसून काकणांचे रंग मोजायचीस, चुकलीस की खदखदून हसायचीस, आणि मी तुझं मनगट दाबायचो. तू चौथीत पहिली आलीस तेव्हा दाबलं. सातवीला दाबलं. यात्रेत हरवून सापडलीस तेव्हा दाबलं. तो तुझा-माझा खेळ होता. आईलाही ठाऊक नव्हता.

मग त्र्याहत्तर सालचा तो दिवस. दुसऱ्या दिवशी पाव्हणे सुपारी फोडायला येणार होते आणि तुझ्याकडं नर्सिंगच्या शाळेचं बोलावणं होतं. तू बैठकीवर येऊन बसलीस. खांदे दगडासारखे. म्हणालीस, “आबा, मला कोंडल्यागत हुतंय.” मी तुझ्याएवढाच वाकून बसलो. तुझ्याबरोबर श्वास घेतला. म्हणालो, कोंडल्यागत हुतं, पोरी, खरं हाय. आणि तुझा हात हातात घेतला आणि ती जागा दाबली. तुझे डोळे भरले आणि खांदे खाली आले. तेव्हा मी विचारलं, लग्न आपल्या दारात करायचं की पाव्हण्यांच्या?

तू म्हणालीस, “हितंच.”

एवढंच म्हणालीस. हो म्हणालीच नव्हतीस. मी बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं, पोर हो म्हणाली. पाच वर्षं तेच सांगत आलो, जानेवारीच्या पत्रातही तेच लिहिलं, आणि लिहिताना मला ते खरंच वाटत होतं. सगळ्यात वाईट हे आहे.

का केलं, विचारशील. मला भीती वाटत होती. तू सांगलीला शिकायला गेलीस तर कुठल्या कुठं जाशील, असं वाटायचं. लग्न होऊन गेलीस तर निदान दिवाळीला तरी येशील. मला तू हवी होतीस, बनू. बाकी सगळं मी नंतर जोडलं.

दिवाळीचंही लिहितो. चौऱ्याहत्तरची दिवाळी. तुला आणायला मीच आलो होतो. पाडव्याच्या सकाळी तू म्हणालीस, मला परत धाडू नका. का, तेही सांगितलंस. सासूनं तुझी पुस्तकं चुलीत घातली होती आणि नवरा तिथंच बसून जेवत होता. मी ते ऐकलं, आणि तरी तुला बैठकीवर बसवलं, आणि तरी माझा अंगठा तुझ्या मनगटावर गेला.

तू म्हणालीस, “आबा, माझा हात सोडा.”

मी सोडला नाही लगेच. तू ओढलास. तीन काकणं गेली. आई धावत आली तेव्हा मी म्हणालो, काही नाही, काकणं वाढली. आपल्यात तसंच म्हणतात, तोंडातून वाईट जाऊ नये म्हणून. पण वाढली नव्हती, बनू. फुटली होती. माझ्या हातात फुटली. माझ्या अंगठ्याला अजून बारीक वण आहे. तुझ्या मनगटावर आहे का, मला माहीत नाही. आणि एवढं होऊनही, रक्त पुसता पुसता मी तुला विचारलं, उद्या जाणार की परवा?

तू परवा गेलीस. महिन्याभरानं तिथूनही गेलीस.

या पत्राला जबाब मागत नाही.

आबा


कोरेगाव
२ जुलै १९७८

बनू,

हे साधं कार्ड. आज काही विचारायचं नाही, काही सांगायचं नाही. तुझ्या आईनं आता कराडचं नाटक सोडलंय, सरळ ‘सांगलीला निघाले’ म्हणते. काल मी तिला तुझ्यासाठी काकणं देत होतो. तिनं सांगितलं, दवाखान्यात हातात काही घालू देत नाहीत. मी पेटी बंद केली. मग वाटलं, तुझ्या हाताचं आत्ताचं माप मला माहीत नाही. आख्ख्या तालुक्यातल्या बायकांची मापं मला पाठ आहेत.

माझा उजवा हात थोडा कापतो हल्ली. काळजीचं कारण नाही.

आबा


कोरेगाव
२० सप्टेंबर १९७८

बनू,

मी सांगलीला येऊन गेलो. हे तुला आधी माझ्याकडून कळावं म्हणून आईलाही सांगितलेलं नाही.

गौरी गेल्या, दुकान जरा मोकळं झालं. आई एकदा बोलता बोलता म्हणाली होती, गुरुवारी तू रक्त तपासायच्या खोलीत असतेस. मी चौदा तारखेला सकाळची गाडी धरली. खिडकीवर जाऊन केसपेपर काढला. खोटं नाव देणार होतो, पण तोंडातून आपलंच आलं. डॉक्टरांना म्हणालो, चक्कर येते. त्यांनी रक्त बघायला सांगितलं. माझा नंबर अठरा. मी मफलर कानावरून घेतला आणि बाकाच्या शेवटच्या टोकाला भिंतीला टेकून बसलो. तिथून तुझी अर्धी खोली दिसत होती आणि बोलणं ऐकू येत होतं.

तू बारीक झालीस. केस वर बांधतेस, ते तुला शोभतं. हात मोकळे. मोकळे हात बघायची मला सवय नाही, आधी जरा चरकलो. मग पाहत राहिलो.

चौदा नंबरला एक म्हातारी होती, माझ्याही वयाच्या पुढची. आत गेली ती दोन्ही हात पदराखाली घेऊन. तू उभी होतीस, ती स्टुलावर. तू दुसरं स्टूल ओढलंस आणि तिच्या डोळ्याला डोळा येईल अशी बसलीस. तू तिच्या श्वासाकडं बघत होतीस. खांद्याकडं बघत होतीस. म्हातारीनं विचारलं, लय रुतंल का गं? तू ‘दुखेल’ म्हणाली नाहीस, ‘दुखणार नाही’ तर नाहीच. म्हणालीस, व्हय, रुतंल जरा. तू बैठकीच्या कोपऱ्यात नुसती गणितं करत नव्हतीस तर.

म्हातारीचे खांदे खाली आले. हात पदरातून बाहेर आला. मी मनात म्हणालो, आता. आता श्वास बाहेर पडतोय, आता टोच. मी तेच केलं असतं. चाळीस वर्षं तेच केलं.

तू थांबलीस. सुई हातात धरून थांबलीस आणि म्हणालीस, “टोचू का? नको असलं तर नको म्हणा.”

म्हातारी म्हणाली, नको.

तू सुई ताटलीत ठेवलीस. ‘बरं, बसा हितंच, वाटलं तर सांगा,’ म्हणून पंधरा नंबरला बोलावलंस. रागावली नाहीस, समजावलं नाहीस, कुठलीही जागा दाबली नाहीस. म्हातारी आपली बसून राहिली. तू पंधरा नंबरचं काम उरकलंस. तेवढ्यात म्हातारीनं आपणहून बाही वर केली आणि हात लांब केला. घे बाई, म्हणाली.

माझ्या हातात हजारो हात सैल पडले असतील. असा आपणहून आलेला हात मी पहिल्यांदा बघितला. मी बापाकडून सगळं शिकलो आणि तुला सगळं शिकवलं, पण हे एक तू कुणाकडून शिकलीस ते मला कळलं. माझ्याकडूनच. मी जे केलं नाही, त्यातून.

सोळा नंबर आत गेला तेव्हा मी उठलो. भिऊन उठलो असं समजू नकोस. भीती होतीच, पण मला माझी खात्री नव्हती. मी स्टुलावर बसलो असतो, हात पुढं केला असता, तो कापला असता, आणि तो कापताना बघून तुला माझी दया आली असती. तू ‘आबा’ म्हणाली असतीस. तो पुन्हा माझाच डाव झाला असता, मी मुद्दाम केला नसता तरी. म्हणून केसपेपर बाकावर ठेवला आणि निघालो. स्टेशनपर्यंत चालत गेलो. वाटेत दोनदा मागं वळावंसं वाटलं. गाडीत बसल्यावर रडलो, हे लिहू की नको असं झालंय, पण लिहिलंय ते आता खोडत नाही.

आता विचारतो. आयुष्यात पहिल्यांदाच असं विचारतोय, चुकलं तर सांभाळून घे. मी एकदा तुला भेटायला येऊ का? नको असलं तर नको म्हण. सोबत जोडकार्डाचा अर्धा भाग आहे. पत्ता तेवढा लिहिलाय. बाकी कार्ड कोरं आहे. ‘नको’ लिहिलंस तर ते मी पेटीत ठेवीन आणि पुन्हा विचारणार नाही. काहीच पाठवलं नाहीस तर तेही नकोच समजेन. आई येत राहील, तिच्याकडून तुझी खुशाली कळेल, मला भडंग मिळेल. तेवढं पुरतं, असं म्हणणार होतो. पुरत नाही. पण त्यावर राहता येतं.

मला तुझी फार आठवण येते, बनू. यात कुठलीही कला नाही.

आबा


सांगली
२९ सप्टेंबर १९७८

आबा,

या. गुरुवारी मी त्याच खोलीत असते, दुपारी दोनपर्यंत. पेटी आणू नका. तुम्हाला नको वाटलं तर तसं कळवा, मी वाट बघणार नाही.

तुमचा केसपेपर माझ्याकडं आहे. अठरा नंबर मी तीनदा पुकारला होता.

बनू